ती हसत गेली नाही

नऊ वर्षांपूर्वी लातूरला, आमच्या कॉलनीतल्या मंदिराच्या सभामंडपात, मी दीडशे-दोनशे माणसांसमोर उभा राहून सांगितलं की माझी बायको महादेवी हसत हसत गेली, लिंगैक्य झाली. कॅन्सरलाही तिने हसवलं, असंही म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. पुढे कितीतरी जणांनी आपल्या घरच्या आजारी माणसाला तिचं उदाहरण दिलं. दोघातिघांनी मुद्दाम घरी येऊन मला तसं सांगितलं.

ते खोटं होतं. ती भीत भीत गेली. आणि ती भीती तिला कोणाजवळ बोलता आली नाही, कारण मी बोलू दिली नाही.

आता मला स्वतःला कॅन्सर झाला आहे. वय चौऱ्याहत्तर. उपचार संपून तीन महिने झाले. ज्यांच्या घरात असा रिपोर्ट नुकताच आला असेल त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून लिहायला बसलो, पण आधीचं खोटं तसंच ठेवून पुढचं लिहिता येईना. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

तीन बोटं

गिळताना डाव्या कानात कळ जायची. चार महिने मी ते लपवलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. व्यसनमुक्तीच्या घोषणांचे फलक मुलांकडून रंगवून घ्यायचे आणि मग कपाटाच्या आडोशाला जाऊन तंबाखूची चिमूट दाढेखाली धरायची, हे मी पंचवीस वर्षं केलं. त्यामुळे कळ कशाची असेल ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी आत घाला. माझी दोनसुद्धा जाईनात. मग तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी मी एकटाच गेलो. डॉक्टर तरुण होते. सोबत कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. सकारात्मक विचार सोबत आहेत, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की जिभेच्या मुळाशी गाठ आहे, ती कॅन्सरचीच आहे. पस्तीस वेळा लाईट द्यावी लागेल आणि दर आठवड्याला एक सलाईन. रेडिएशनला आमच्याकडे लाईट देणं म्हणतात, केमोला सलाईन.

हरकत नाही, हसत लढू, असं म्हणून मी उठलो. बाहेर येऊन संडासात गेलो आणि कडी लावली. पायजम्याची नाडी बांधता येईना. बाहेरून दोनदा कोणीतरी दार वाजवलं. मी ओ दिली नाही. त्या भिंतीवर पांढऱ्या फरशा होत्या, त्या मी मोजत बसलो आणि प्रत्येक वेळी आकडा चुकला.

मी कोण होतो

निवृत्तीनंतर मी कॉलनीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रोज सकाळी रंगीत खडूने सुविचार लिहायचो. त्यानंतर मैदानावर हास्य क्लब. पन्नास-साठ माणसं हात वर करून माझ्या मागे हा हा हा करायची. लोकांना बरं वाटत असेलही. मी क्लबला दोष देत नाही.

दोष असा की मी तो घरात आणला. घरात कोणी डोकं दुखतंय म्हणालं की मी म्हणायचो, असं बोलू नये, बरं वाटतंय म्हणावं. मला कोणाच्या डोळ्यातलं पाणी बघवत नसे. ते पाणी बघून मला स्वतःला भीती वाटायची. तिला मी 'नकारात्मकता टाळणं' असं चांगलं नाव दिलं होतं.

महादेवीचा आजार निघाला तेव्हा आमची एकुलती एक मुलगी शैलजा पहिलटकरीण होती, सहावा संपत आलेला. आमच्यात सातव्या महिन्यात मुलीला माहेरी आणतात आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करतात. महादेवी आजाराच्या आधीपासून जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवत होती. रोज मला एकच म्हणायची, पोरीला घेऊन या.

मी आणलं नाही. शैलजा आली की दोघी गळ्यात पडून रडणार, घराचं स्मशान होणार, असं मला वाटलं. मी महादेवीला सांगितलं की शैलाच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. आणि शैलाला नांदेडला फोन करून सांगितलं, तुझी आईच म्हणते की बाळंतपण सासरीच कर, तिला आता ते सगळं नको झालंय.

मग दोघींना फोनवर बोलू दिलं. आधी महादेवीला बजावलं की पोर पोटुशी आहे, तिच्यासमोर रडायचं नाही. ती फोनवर म्हणाली, मी मजेत हाय माय, तू जीवाला जप. शैला पलीकडून काही विचारत होती. महादेवीने तोंडावर पदर धरून फोन माझ्याकडे दिला.

शैलजाचं सिझर झालं, मुलगी झाली. बाळ अकरा दिवसांचं असताना महादेवी गेली. शैला समाधी देतानाही पोचली नाही. आईनेच आपल्याला बोलावलं नाही, हे तिने नऊ वर्षं उराशी धरलं.

नांदेड

माझी लाईट नांदेडला ठरली आणि मी त्याच मुलीच्या घरी राहायला गेलो. जावई बसवराज यांनी न बोलता आपली खोली मला दिली. शैलजा शाळेत शिकवते. तिने दोन महिन्यांची रजा काढली.

ती माझं सगळं करायची. नाकातून नळी घातल्यावर तिच्यातून पातळ पेज, ताक, डाळीचं पाणी गाळून गाळून द्यायची. नळी धुवायची, थुंकीचं भांडं उचलायची. पण बोलणं कामापुरतं. मला वाटायचं थकली असेल. एके दिवशी पेज देता देता ती खाली बघून म्हणाली, "आईचं ह्यातलं काहीच केलं न्हाई मी. तिला नकोच होते मी."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी नळी नाकात असल्याचं निमित्त करून डोळे मिटले.

खरं कारण लिहितो. मला वाटलं, हिला कळलं तर ही मला घराबाहेर काढेल. लातूरच्या घरात एकटा, नाकात नळी घातलेला मी, मला दिसू लागला. बायकोच्या जाण्याला नऊ वर्षं झाल्यावर मी पुन्हा, या वेळी मुलीचं दुःख बाजूला सारून, माझ्याच भीतीची सोय बघत होतो.

मुखवटा

लाईटच्या आधी चेहऱ्याचा मुखवटा तयार करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून ओली ओलीच तोंडावर दाबतात. ती थंड झाली की आपल्या चेहऱ्यासारखीच कडक होते. मग रोज तो मुखवटा घालून डोकं टेबलाला खटक्यांनी अडकवतात. बोलता येत नाही, मान हलत नाही, डोळे उघडले तर पापण्या जाळीला लागतात. सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि यंत्र आवाज करत डोक्याभोवती फिरतं. वेळ थोडाच असतो. पण पहिल्या दिवशी मला वाटलं, आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात तसं मला जिवंतपणीच समाधीत बसवलं आहे.

त्याआधी एक गोष्ट झाली. गळ्यात काही चालत नाही, असं तिथल्या सिस्टरनी सांगितलं. आम्ही लिंगायत. जन्मापासून गळ्यात इष्टलिंग असतं, ते अंगावेगळं करायचं नसतं. अगदीच वेळ आली तर घरच्या माणसाने ते तळहातावर धरून थांबायचं, खाली ठेवायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मी इष्टलिंगाची चांदीची डबी काढून शैलजाच्या हातात दिली.

बाहेर आलो तेव्हा ती बाकावर जशी बसवली होती तशीच बसली होती. डावा तळहात पुढे, त्यावर पदर, पदरावर डबी. माझ्या गळ्यात दोरा घालताना तिने विचारलं, "आईच्या मशीनच्या टायमाला तिचं कोणी धरलं होतं?"

"मी," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं. तेवढं तरी बरं झालं," ती म्हणाली.

त्या दिवशी काय घडलं होतं ते आता लिहितो. महादेवीला स्कॅनच्या त्या लांबोड्या यंत्रात घालणार होते. तिने स्वतः दोरा काढला, माझ्या तळहातावर डबी ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. खिशात घालू नका, एवढंच म्हणाली. ती आत गेल्यावर बाहेर बसलेल्या माणसांचे पडलेले चेहरे मला बघवेनात. मी डबी शर्टाच्या खिशात टाकली, उभा राहिलो आणि सगळ्यांकडून टाळ्या वाजवून हा हा हा करून घेऊ लागलो. काही जण लाजत लाजत हसलेही. दार उघडलं. महादेवी भिंतीला धरून उभी होती. तिने माझे दोन्ही हात वर गेलेले बघितले. मोकळे.

ती माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मी पुढे सभामंडपात सांगितलं.

आणि तिची शेवटची सकाळ. ती म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय वो. जरा जवळ बसा." असं म्हणू नये, चांगला विचार कर, असं सांगून मी फळा लिहायला गेलो. परत आलो तेव्हा ती बोलण्यापलीकडे गेली होती.

खिडकीची जागा

माझ्या आधीचा नंबर नागोराव नावाच्या माणसाचा असायचा. धर्माबादकडचा, मिरचीच्या व्यापाऱ्याकडे पोती शिवायचा. त्यालाही घशाचाच आजार. रोज पहाटेची एसटी धरून यायचा, बाकावर टेकायचा आणि कोणी विचारो न विचारो, म्हणायचा, "आज लई भ्या वाटून राहिलं बगा." आणि त्याच दमात, "पण एसटीत खिडकी भेटली."

दुसऱ्या दिवशी, "लई भ्या वाटून राहिलं. पण बायकोनं आज भांडण न्हाई केलं." तिसऱ्या दिवशी, "भ्या हायच. आज 'पण-बिण' काही न्हाई."

मला त्याचा राग यायचा. दवाखान्यात हे असं बोलतात का? एकदा मी न राहवून सांगितलं की भीतीचं नाव घेतलं की ती वाढते. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "सर, तुमाला न्हाई वाटत?"

काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "वाटते. त्या दाराचा आवाज झाला की मी रोज पायजम्यात मुततो. म्हणून दोन घालून येतो."

तो म्हणाला, "दोन? म्या तीन घालतो." आणि आम्ही दोघं हसलो. माझं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, घसा भाजलेला, लाळ गळत होती. नाकातून हसलो. पन्नास माणसांसमोर वर्षानुवर्षं जे मोठ्याने केलं त्यात हे कधी नव्हतं. त्या दिवशी मुखवट्याखाली भीती तेवढीच होती, पण मी एकटा नव्हतो.

घरी येऊन मी त्याच्यासारखं करून बघितलं. आधी भीती, मग दिवसातलं एक बरं. सुरुवातीला मला मोठी मोठी वाक्यंच सुचायची, फळ्यावर शोभणारी. ती मी खोडायचो. मग एकेक खरं सापडू लागलं. नळी घालताना सिस्टरनी आधी नळी कोमट पाण्यात धरली. नात शाळेतून आली आणि माझ्या नाकातल्या नळीकडे बघून, आजोबा हत्ती दिसताय, म्हणाली. ताकाची चव येत नाही, पण वास आला. कधी काहीच सापडायचं नाही, तेव्हा काही नाही असंच म्हणायचो. आजारी माणसांना माझं एवढंच सांगणं आहे की हे बळेच शोधू नका आणि घरच्यांनी तर मुळीच मागू नये. आजारी माणसाला तुम्ही हसा म्हणालात की ते तुमच्यासाठी हसतं.

पण दर वेळी एक बरं आठवायला बसलो की शैलजाचंच काहीतरी असायचं. आणि लगेच तिचं ते 'तेवढं तरी बरं झालं' कानात यायचं. तिच्याकडच्या एकमेव समाधानाखाली मी खोटं घालून ठेवलं होतं. ते तसंच ठेवून माझ्या मनात दुसरं काही खरं उगवेना.

एकविसावी लाईट

एकविसाव्या लाईटनंतर दुपारी घरी आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. शैलजा नळीतून पेज देत होती. मी म्हणालो, "शैला, आईने तुला येऊ नको म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "काय?"

मी सगळं सांगितलं. आवाज बसलेला होता, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दुपटी, डॉक्टरांचं खोटं कारण, फोनवरचा पदर, खिशातली डबी, शेवटची सकाळ. तिने फक्त एकदा विचारलं, "काय म्हणायची ती? तिचे शब्द सांगा."

"पोरीला आणा म्हणायची. तिच्या पोटावर एकदा हात ठिवू द्या म्हणायची."

वाटीत थोडी पेज राहिली होती. "आधी हे होऊ द्या," ती म्हणाली. उरलेली पेज दिली, वर पाणी सोडलं, नळीला बूच लावलं, वाटी उचलली. मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला. भांडी पडल्यासारखा वाटला, पण भांडी पडली नव्हती.

पुढचे तीन दिवस ती माझ्या खोलीत आली नाही. जावई मला दवाखान्यात न्यायचे, नळीतून पेजही तेच द्यायचे. त्यांना सगळं कळलं होतं. एकदा रिक्षात ते म्हणाले, "अप्पा, ती बाळंतपणात रात्रंदिवस आईला शिव्या द्यायची. मेलेल्या बाईला." मी बॅग भरून ठेवली होती. लातूरची एसटी किती वाजता असते तेही विचारून ठेवलं होतं. आजाराच्या काळात मला इतकी भीती दुसऱ्या कशाची वाटली नाही, मुखवट्याचीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. भरलेली बॅग बघितली आणि पायाने पलंगाखाली सरकवली.

"चला. आणि रोज जाता-येता मला आईचं सांगायचं. पहिल्या दिवसापासून. हसवायचं न्हाई, सजवायचं न्हाई. ती रडली तर रडली म्हणून सांगायचं."

आता

उरलेल्या लाईट अशा झाल्या. रिक्षात मी सांगायचो आणि ती ऐकायची. कित्येकदा ती मध्येच, बस्स, आज एवढंच, म्हणायची आणि बाहेर बघत राहायची. दोनदा तिने मला खूप वाईट बोल लावले. ते इथे लिहीत नाही, पण ते खरे होते. एकदा मी सांगितलं की तिसऱ्या सलाईननंतर केस गेले तेव्हा महादेवी आरसा माझ्या हातात देऊन म्हणाली, आता हा हा करा, बघू येतंय का. शैलजा इतकी हसली की रिक्षावाल्याने वळून बघितलं. हसता हसता रडू लागली. मी तिला गप्प केलं नाही. मला जमलं, म्हणून लिहितो. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा.

महादेवी मला रागावायची, चिडवायची, घाबरायची, हे सगळं मी नऊ वर्षं एका खोट्या हसण्याखाली पुरून ठेवलं होतं. ती आता घरात परत आली आहे. माझी नात तिच्या आजीबद्दल प्रश्न विचारते.

नागोरावची लाईट माझ्याआधी संपली. त्याचा अधूनमधून फोन येतो. पहिलं वाक्य तेच असतं.

आज माझा स्कॅन आहे. गाठ गेली की राहिली ते त्यात कळेल. चार दिवस झोप नीट नाही. तोंड कोरडं पडतं, आणि मी ते घरात सगळ्यांना सांगतो. काल संध्याकाळी शैलजा कणीक मळत होती. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो की मला खूप भीती वाटते. ती मळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला बी." मग हात धुऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"म्या तुमाला माफ केलेलं न्हाई, अप्पा. होईल का न्हाई ते बी सांगता येत न्हाई. पण उद्या नऊला तयार ऱ्हावा, मी संगं येणार हाय."

आता सकाळचे आठ वाजले आहेत. मी सातपासूनच कपडे घालून बसलो आहे.